गच्चीतली बरणी

एप्रिलचा दुसरा आठवडा होता, सकाळचे सव्वासात. एका शेगडीवर डाळ शिजत होती, दुसरीवर पोळ्या चालल्या होत्या आणि सासूबाई टेबलाशी बसून गवार मोडत होत्या. परागने, माझ्या नवऱ्याने, त्या दिवशी रजा घेतली होती. तो आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, आणि त्या दिवसापासून गच्चीचं काम सुरू व्हायचं होतं. जुना थर पूर्ण फोडून नवं वॉटरप्रूफिंग. दहा वाजता माणसं येणार होती. बिल्डिंग तळ अधिक चार मजल्यांची, आम्ही चौथ्यावर, म्हणजे फोडाफोडी बरोबर आमच्या डोक्यावर. म्हणून मी पिठाचे डबे, मसाल्याचे डबे सगळे फडक्यांनी झाकून ठेवत होते.

तेवढ्यात सेफ्टी डोअरवर कुणीतरी बोटाच्या पेराने ठकठक केली.

"सरूबाई असेल," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "बेल चालू आहे हे तिला अजून कुणी सांगितलं नाही का?"

सांगितलं होतं. पण सिमेंटचा हात लागून बटण खराब होईल म्हणून ती कधीच बेल वाजवत नाही. हात धुतलेले असले तरी.

दार उघडलं. सरूबाईच होती. मुर्ध्याहून, रेल्वेलाइनच्या पलीकडून, पहिली बस पकडून आली होती आणि नवघर रोडवरून चालत, चार जिने चढून वर. हातातल्या नायलॉनच्या पिशवीतून छिन्नीचं टोक बाहेर आलं होतं.

"वहिनी, गच्चीची चावी द्या."

"आज? आज गच्ची फोडणार आहेत, सरूबाई."

"माहीत हाय. वॉचमननं सांगितलं. म्हणून तर आले."

परागने आतूनच आवाज दिला, "गच्ची दहाला उघडेल. आत्ता नाही. वर सामान पडलंय."

सरूबाई दारातच उभी राहिली. मी तिला आत बोलावलं. चहा टाकते म्हटलं, तर नको म्हणाली नाही. एरवी नको म्हणते.

सरूबाई आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. बाथरूमच्या टाइल्समधल्या फटी काळ्या पडल्या, पाणी मुरायला लागलं, की तिला फोन जातो. ती येते, पत्र्याच्या तुकड्याने जुनं सगळं खरवडून काढते, पांढरं सिमेंट कालवते आणि बोटाने फटीफटीतून भरत जाते. हातमोजे घालत नाही. "मोज्यात फट कळत न्हाय," म्हणते. तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला नख जेमतेम अर्धं उरलं आहे. साठीची आहे, पण स्टुलावर चढून तासतासभर उभी राहते.

मूळची पोलादपूरकडची. लग्न होऊन इकडे आली ती दशरथबरोबर. दशरथ लादीकाम करायचा. मीरा रोड, भाईंदर बांधलं जात होतं, तेव्हा या लोकांना उसंत नव्हती. एका बिल्डिंगची गच्ची झाली की दुसरीची. गच्चीवर आधी विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात, पाणी अडवतो तो थर हाच. त्याच्यावर फुटक्या टाइल्सचे तुकडे एकेक करून बसवत जायचे, त्याला चायना मोजॅक म्हणतात. पुरुष उतार काढतात, बायका तुकडे लावतात. टाइल्स गोणपाटात गुंडाळून वरून हातोडीने फोडायच्या, म्हणजे कपच्या डोळ्यात उडत नाहीत. मग उन्हात उकिडवं बसून हाताएवढी जागा भरायची, पुढे सरकायचं, हाताएवढी भरायची. आमची गच्ची या दोघांनीच केली, २००२ साली. आम्ही पुढच्या वर्षी दादरहून इकडे राहायला आलो. दशरथ जाऊन आता नऊ वर्षं झाली; मागे सरूबाई आणि लग्न झालेली मुलगी, संचिता.

आणि आमची गच्ची गळते. अगदी पहिल्या वर्षापासून गळते. नेमकी आमच्या किचनमध्ये, डब्यांच्या मांडणीच्या वर. तिथे छताला पिवळा डाग आहे, दरवर्षी थोडा मोठा होणारा. जुलैत खाली पातेलं ठेवावं लागतं. एका वर्षी दहा किलो गहू दळून आणलेला डबा उघडा राहिला आणि सगळ्या पिठाचा लगदा झाला. त्या दिवसापासून सासूबाईंनी दशरथला कधी नावाने हाक मारली नाही. "तो तुमचा गळका कारागीर" म्हणायच्या. सरूबाई तिथेच खाली बसून आमच्या ओट्याच्या फटी भरत असायची, तरी म्हणायच्या. ती नुसतं "हं" करायची.

माझ्या मात्र एक लक्षात आलं होतं. सरूबाई आमच्या किचनमध्ये इतक्यांदा येऊन बसली, पण मान वर करून तिने छताकडे कधी बघितलं नाही. दुसरा कुठला कारागीर येवो, प्लंबर, गॅसवाला, कुणीही, डाग बघून आधी "अरे बापरे" म्हणतो. हिने कधीच नाही.

त्या दिवशी चहाचा कप हातात घेतला आणि तिने वर बघितलं.

"हे माझ्यामुळं हाय," ती म्हणाली.

सासूबाईंचे हात थांबले. "काय तुझ्यामुळे?"

"हे गळतं ते. संचिताच्या बाबांचं काम चुकलं न्हाय, आजी. माझं चुकलं."

पराग आतून बाहेर आला. टॉवेल खांद्यावर, दाढीचा फेस एका गालावर.

सरूबाईने सांगितलं ते असं.

गच्चीचं काम चाललं त्या वर्षी जानेवारीत तिची आई गावाकडे वारली. आईची एक बरणी तिच्याकडे होती. चिनीमातीची, वरून तपकिरी, खालून पांढरी, लोणच्याची असते तसली. आई दरवर्षी भरून पाठवायची. शेवटच्या वर्षी स्वतः एसटीत मांडीवर घेऊन आली होती. आई गेली तेव्हा बरणीच्या तळाला लोणचं अजून होतं. कामावरची माणसं कामावरच राहायची, खाली पार्किंगमध्ये पत्रे लावून. तिथे उंदीर, कुत्री. म्हणून सरूबाई ती बरणी रोज गच्चीवर न्यायची आणि दुपारी भाकरीबरोबर एकेक फोड काढायची.

"संचिता तवा पाच वर्षांची. तिला बसवली टाकीजवळच्या कट्ट्यावर. म्हटलं, बरणीवर ध्यान ठेव. मी सफेद सिमेंट कालवत होते. पोरीला फोड खाविशी वाटली. झाकण काढायला गेली न् बरणी गेली खाली."

"फुटली?" मी विचारलं. विचारण्यासारखं काही नव्हतंच.

"चौदा तुकडे. मी मोजले. आणि मी तिला मारली, वहिनी. हात धुतला न्हाय, काय न्हाय, तशीच एक ठेवून दिली. पाच बोटं उठली गालावर. पांढरी. सिमेंट जाळतं ना, धुतलं तरी दोन दिवस गाल लाल होता."

पोर टाकीखाली जाऊन बसली. चार लोखंडी खांबांच्या मधल्या जागेत. हाक मारली तरी बाहेर येईना, जेवायला येईना. दशरथ त्या दिवशी टाइल्सची खेप आणायला वसईला गेला होता. बरोबरच्या बायका म्हणाल्या, फुटकं ठेवू नकोस, खाडीत टाकून ये. फुटकं भांडं घरात ठेवत नाहीत, हे आपल्याकडे सगळेच मानतात. सरूबाईपण मानते.

"पण टाकवेना. घरात तर ठेवायची न्हाय. मग म्हटलं, इथंच लावते."

टाकीजवळचा हातभर चौकोन भरायचा राहिला होता. तिथे तिने ते तुकडे बरणीच्या आकारात लावायला घेतले. इथेच चुकलं. दशरथचा नियम होता की गच्चीत गोल तुकडा घालायचा नाही. टाइलचा तुकडा सपाट असतो, सिमेंटवर पालथा हात ठेवावा तसा बसतो. बरणीचा तुकडा वाकडा, खाली पोकळी राहते. आणि बुडाचा तुकडा तर दोन बोटं जाड. तो वर येऊ लागला. तेव्हा तिने छिन्नी घेतली आणि खालचा कोबा दोन बोटं खरवडला.

"म्हणजे वॉटरप्रूफिंगच काढलंत," पराग म्हणाला.

"हां. तेवढंच."

संध्याकाळपर्यंत तेरा तुकडे लावून झाले. मग तिने टाकीखाली वाकून पोरीला सांगितलं, एक तुकडा राहिलाय, तो तुझा. तू लावला न्हाईस तर आजीची बरणी अर्धी राहील. तेव्हा संचिता बाहेर आली.

"संचिताचे बाबा दुसऱ्या दिवशी आले. बघून हसले. म्हणले, सासूला गच्चीवर बसवलीस काय? मी बी हसले. कोबा खरवडला ते बोलले न्हाय."

पुढे गळायला लागल्यावर बिल्डरने दशरथला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा त्याने गच्चीभर पाणी साठवून ठेवलं, रांगत रांगत एकेक फट बघितली, बरणीच्या चारी बाजू पुन्हा भरल्या. बरणी उचलून बघ, असं कुणीतरी सुचवलंही होतं. "तर म्हणले, सासूला कशाला उठवू?" सरूबाई म्हणाली. ती हसली नाही. "मी बाजूलाच उभी होते."

परागचा फेस वाळला होता. "सरूबाई, तुम्हाला बावीस-तेवीस वर्षं माहीत होतं? आम्ही तीन वेळा वर डांबर मारून घेतलं!"

"माहीत हाय. त्यातलं दोनदा मीच मारलं."

मला हसू येणार होतं, पण परागचा चेहरा बघून आवरलं. तो खरोखर चिडला होता. गच्चीच्या गळतीवरून मीटिंगांमध्ये इतकी वर्षं सगळ्यात जास्त ऐकून त्यानेच घेतलं आहे.

"सांगायचं ना मग! एका दिवसाचं काम होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही बरणी फोडली असती."

"मग आज कशाला सांगताय?"

"आज तशी पण फोडणार हाय," सरूबाई म्हणाली. "संचिता रविवारी येते. कल्याणला असते, बाळ झालं तिला, मुलगी. दीड महिन्याची हाय. पहिल्यांदा घेऊन येते. फोनवर म्हणते, आई, पोरीला माझी बरणी दाखवायचीय. मी हो म्हणले. मग वॉचमन भेटला."

पराग आत जाऊन तोंड धुऊन आला आणि दारामागच्या खिळ्यावरची चावी काढून एकटाच जिना चढायला लागला. चार पायऱ्या वर जाऊन मग म्हणाला, "या. दहाच्या आत काय होतंय बघू."

सरूबाई उठली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आणि मी एवढी वर्षं त्या माणसाला शिव्या घालत होते. तुझ्यादेखत."

"तुमच्या बाजूनं बरोबर होतं, आजी. पीठ तुमचं भिजलं."

"ते राहू दे. बोलली का नाहीस? तोंडात काय सिमेंट भरलं होतं?"

सरूबाई पिशवी घेऊन वर गेली.

मी गॅस बंद करून मागे गेले. ती जागा टाकीच्या सावलीत आहे. वर्षानुवर्षं टाकीतून पाणी ठिबकून तिथे काळं शेवाळ धरलं होतं, त्यावर डांबराचे फराटे. मी इतकी वर्षं त्याच्यापासून चार हातांवर पापड वाळत घातले. एखादा तपकिरी तुकडा कधी दिसलाही असेल, पण वाटलं असेल की टाइल्स कमी पडल्या, काहीतरी घातलं.

सरूबाईने बादलीभर पाणी मागितलं आणि पिशवीतून नारळाचा काथ्या काढला. पंधरा मिनिटं घासत होती. डांबर छिन्नीच्या कडेने सोलून काढलं. आधी तपकिरी खांदा वर आला, मग पांढरं पोट, मग रुंद बूड. दीड-दोन फूट उंचीची सरळ उभी बरणी. सभोवती निळ्या टाइल्सचे बारीक तुकडे. तुकड्यांमधल्या फटी इतक्या सारख्या होत्या की दोऱ्याने आखल्यासारख्या वाटत होत्या.

फक्त झाकणाच्या जागी एक तुकडा वेगळा होता. खरखरीत, मातकट, बिनचकाकीचा.

"हा संचितानं लावला," सरूबाई म्हणाली. "उलटा लावला. चकाकी खाली, माती वर. मी सरळ केला न्हाय."

पराग वाकून बघत होता. "मग पाणी इथूनच मुरत असेल. कच्ची माती पाणी पिते."

"न्हाय," सरूबाईने लगेच तोडलं. "त्यातून न्हाय. पाणी बुडाकडून जातं, मी खरवडलं तिथून. तिच्या तुकड्यातून थेंब जात न्हाय."

एवढ्या वेळात तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. पराग सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "बरं. बुडाकडून."

पावणेदहाला कंत्राटदाराची माणसं आली. त्यांचा मुकादम फोडण्याचं मशीन खांद्यावर घेऊनच वर आला. सरूबाई बरणीशी बसलेली बघून म्हणाला, "मौसी, उठो. ये पूरा निकालना है."

"इतना छोड के उधर से शुरू करो," पराग म्हणाला. "ये पहले अलग से काट के निकालना है."

मुकादमाने खाली बघितलं. फटीवरून अंगठा फिरवला. "जोड मस्त भरा है. कौन किया?"

"मैं किया," सरूबाई म्हणाली. "तेरा मशीन इधर मत लगा, सब हिलेगा. कटर है तो चार बाजू से मार. बाकी मैं निकालती."

त्याने मुकाट्याने कटर लावला. चारी बाजूंनी चिरा पडल्या. धुळीचा लोट उठला. मग सरूबाईने बुडाकडून छिन्नी घातली. एक ठोका, थोडं थांबायचं, कान लावून ऐकायचं, पुन्हा एक ठोका. अर्धा तास असंच चाललं. बाकीची माणसं गच्चीच्या दुसऱ्या टोकाला धडाधड फोडत होती आणि ही इथे गुडघ्याने चौकोन दाबून धरून हलके हलके मारत होती. संचिताच्या तुकड्यापाशी आली तेव्हा तो सुटू नये म्हणून छिन्नी धरलेल्या डाव्या हाताची कड तिने त्याच्यावर टेकवली होती. हातोडी दोनदा त्याच हातावर बसली. तिने हात काढला नाही.

शेवटी चौकोन उचलला गेला, पण अखंड नाही. मधोमध तडा जाऊन आणि एक कोपरा सुटून तीन भाग झाले. माझ्या तोंडून "अगं आई" निघालं.

सरूबाईने तिन्ही भाग शेजारी शेजारी मांडले. झाकण शाबूत होतं. "तीनच झाले," ती म्हणाली. "तवा चौदा झाले होते."

खालची जागा काळी, ओली होती. एप्रिलच्या उन्हाळ्यात ओली. बुडाच्या जागी दोन बोटं खोल खळगा. बाकीचा कोबा त्याच्या सभोवती कोरडा खडखडीत, फोडणाऱ्या माणसांना घाम फुटेल असा घट्ट. मुकादम म्हणाला, "बाकी काम तो एक नंबर है. किसका था?"

उत्तर परागने दिलं. "दशरथ करके थे. इनके मिस्टर."

सरूबाईने पदराने तोंडावरची धूळ पुसली.

आता हे ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. मी म्हटलं, घरी घेऊन जा, रिक्षा करून देते. ती मुर्ध्यात भाड्याच्या खोलीत राहते. दर अकरा महिन्यांनी खोली बदलते किंवा बदलणार की नाही ते बघत बसते. मालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही. एवढ्या लोकांच्या भिंतींना तिने टाइल्स लावल्या, पण स्वतःची म्हणावी अशी भिंत तिच्याकडे नाही. "आणि फुटकं घरात न्हेत न्हाय," तिने आठवण करून दिली.

तेव्हा जिन्यातून आवाज आला. सासूबाई कठडा धरून चार पायऱ्या वर आल्या होत्या आणि तिथेच टेकल्या होत्या. गेल्या दिवाळीपासून त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या.

"घरात नको ना? मग जिन्यात लावा. जिना काय कुणाचं घर आहे?"

"आई, जिना कॉमन आहे," पराग म्हणाला. "कमिटीत विचारावं लागेल. आज यांची बरणी, उद्या कुणी आणखी काही."

"तू सेक्रेटरी आहेस ना? की नुसती चावी सांभाळतोस? बावीस वर्षं पाणी माझ्या डोक्यावर पडलं. कमिटीच्या नाही. मी सांगते लावा, तर लावा."

पराग माझ्याकडे बघायला लागला. मी गच्चीच्या दाराशेजारची भिंत बघत होते. तिथे दोन फूट जागा नक्की होती, आणि खालून जिना चढून येणाऱ्याला ती समोरच दिसते.

"कमिटीला मी सांगतो," पराग म्हणाला. "नंतर."

दुपारी जेवून सरूबाई कामाला लागली. सिमेंट मुकादमाने दिलं. आधी भिंतीचा रंग खरवडला, सिमेंट धरावं म्हणून छिन्नीने टाचे मारले, पाणी शिंपडलं. तीन भाग मागून घासून पातळ केले. मग एकेक करून चिकटवले. भिंतीवर गोल तुकड्याचं काही बिघडत नाही, असं तिने स्वतःहूनच सांगितलं. खालून पाणी जायला तिथे काही नसतं. नवा तडा बरणीच्या पोटातून तिरपा गेला होता. तो तिने पांढऱ्या सिमेंटने भरला, पण लपवला नाही. जुन्या फटी पिवळट झालेल्या आणि ही एक पांढरी, वेगळी दिसत होती.

"रंग मिसळून सारखी करता येईल ना?" मी विचारलं.

"करता येईल. कशाला? ही आजची हाय."

सासूबाईंनी पायरीवर बसून सगळं बघितलं. मधेच विचारलं, "तुझी आई लोणच्यात मेथी घालायची का?" सरूबाई म्हणाली, "भाजून." सासूबाई म्हणाल्या, "तेच बरोबर."

पाचच्या सुमाराला तिने ओल्या फडक्याने शेवटचा हात फिरवला, उलट्या तुकड्यावर नाही, तो कोरडाच ठेवला. रविवारी संचिता लेकीला घेऊन येईल, चार जिने चढून येईल, तेव्हा चहाला आमच्याकडे थांबायचं, हे सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी चहा वरच आणला. सरूबाईने हात धुतले, तरी कप पदराने धरला. परागही कप घेऊन तिथेच उभा होता. सकाळचा राग त्याच्या तोंडावर थोडा शिल्लक होता, थोडा गेला होता.

"आणखी काही राहिलंय का, सरूबाई?" त्याने विचारलं.

तिने चहा संपवला, कप माझ्या हातात दिला.

"एकच सांगायचं होतं, साहेब. तुमची गच्ची झाली की बिल्डिंगला रंग माराल. तवा ही बरणी तेवढी सोडून मारा."